शून्यसुद्धा लिहायचं असतं!

बालमित्रांनो, एक साधा प्रश्न विचारते. मागच्या वेळी तुमच्या गावात पाऊस पडला, तो किती पडला?

आमच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा एकदम गलका झाला.

“लय पडला मॅडम!”

“धो-धो पडला!”

“आमच्या गल्लीत तर इथवर पाणी आलं!” असं म्हणून एकाने गुडघ्याला हात लावून दाखवला.

“आमच्याकडं तर नुसता भुरभुर करून गेला. काहून बरं?” असं शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

आता गंमत पाहा. ही सगळी मुलं कळमन्याचीच. कोणी मार्केटच्या पाठीमागे राहतं, कोणी रेल्वे रुळाच्या पलीकडे. पाऊस एकच, पण उत्तरं चार! “लय” म्हणजे किती आणि “भुरभुर” म्हणजे किती? तुमचं “लय” आणि माझं “लय” सारखंच असेल कशावरून?

कापड आपण मीटरने मोजतो, दूध लिटरने मोजतो. कळमन्याच्या बाजारात तर संत्रं, मिरची, तूर, सोयाबीन सगळं काट्यावर चढल्याशिवाय पुढे सरकत नाही. ज्याच्या जिवावर ही सगळी पिकं उभी राहतात, तो पाऊस मात्र “लय” आणि “भुरभुर” असा मोजायचा? छे!

म्हणून आम्ही वर्गात पाऊस मोजायचं ठरवलं. त्यात आमची एक चूकही झाली. ती तुम्हांला सांगणारच आहे. पण आधी पाऊस मोजतात तरी कसा, ते पाहू या.

मिलिमीटरचं कोडं

वर्तमानपत्रात तुम्ही वाचता, “नागपुरात ४० मिलिमीटर पाऊस”. मिलिमीटर हे तर लांबीचं माप! पाणी लिटरमध्ये मोजायचं सोडून पट्टीने का मोजतात?

असं समजा, की तुमच्या शाळेची गच्ची अगदी सपाट आहे. चारी बाजूंनी तिला कठडा आहे, एकही भोक नाही. पाऊस पडला, पण पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, वाफ होऊन उडालंही नाही. तर गच्चीवर पाण्याचा जेवढा जाड थर साचेल, तेवढे मिलिमीटर पाऊस पडला. गच्ची लहान असो की मोठी, थराची जाडी तीच. म्हणून तर हे माप सगळ्यांना सोयीचं!

आता याचे लिटर करणं फार सोपं आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होतं. तुमची गच्ची १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर ती झाली ६० चौरस मीटर. तिच्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६० गुणिले २० म्हणजे १,२०० लिटर पाणी. पंधरा लिटरच्या तब्बल ८० बादल्या! एका हेक्टर शेतावर एकच मिलिमीटर पाऊस पडला, तरी १०,००० लिटर पाणी होतं. पाहिलंत, एवढासा मिलिमीटर किती मोठा असतो ते?

कोठारापुढचं कुंड

पाऊस मोजायची युक्ती काही आजची नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या फार जुन्या ग्रंथात पर्जन्यमापकाचा उल्लेख आहे. त्याला तिथे ‘वर्षमान’ म्हटलं आहे. हातभर तोंडाचं एक कुंड ठेवायचं आणि त्यात किती पाणी साचतं ते पाहायचं. हे कुंड कुठे ठेवायचं, माहीत आहे? राजवाड्यापुढे नाही, देवळापुढेही नाही. धान्याच्या कोठारापुढे!

मला तर हे वाचून आपलं कळमना मार्केटच आठवलं. पाऊस आणि धान्याचं पोतं यांचं नातं त्या काळच्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं. कोणत्या प्रदेशात किती ‘द्रोण’ पाऊस पडतो, याची यादीही त्या ग्रंथात आहे. गोदावरीच्या काठचा अश्मक देश, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा भाग, त्यात साडेतेरा द्रोण आणि उज्जैनकडच्या अवंती देशात तेवीस द्रोण. म्हणजे आपल्याकडे पाऊस कमी, हे तेव्हाही नोंदवून ठेवलेलं होतं.

पुढे इंग्रजांच्या काळात, १८२६ मध्ये, मुंबईला कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली. तेव्हा कुलाबा हे एक बेट होतं बरं का! मुंबई सात बेटांची होती हे तुम्ही चौथीत शिकलाच असाल. त्यांतलंच हे एक. कुलाब्याला मुंबईशी जोडणारा रस्ता १८३८ मध्ये झाला.

या वेधशाळेत १८४० च्या सुमारास एक मराठी मुलगा कामाला लागला. वय असेल पंधरा-सोळा, म्हणजे तुमच्या ताई-दादाएवढं. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा. त्याचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. हवेच्या आणि चुंबकत्वाच्या नोंदी घेण्याचं काम तिथे चाले. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, यंत्र पाहायचं, आकडा लिहायचा. कंटाळवाणं वाटतं ना? पण याच मुलाने पुढे मराठीत गणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली. तो प्राध्यापक झाला आणि केरूनाना छत्रे म्हणून नावाजला गेला. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी!

१८७५ मध्ये भारताचा हवामान विभाग स्थापन झाला. ब्लॅनफर्ड नावाचे शास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख. हा विभाग का काढावा लागला? १८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर वादळ आलं. मग १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, लोक अन्नान्न झाले. पाऊस आपल्या हातात नाही, पण तो कुठे कमी पडतोय हे वेळेवर कळलं, तर धान्य तरी पाठवता येईल, असा त्यामागचा विचार.

आणि मुलींनो, खास तुमच्यासाठी सांगते. १९४८ मध्ये ॲना मणी नावाच्या बाई पुण्याच्या हवामान विभागात आल्या. तेव्हा आपल्याकडे हवामानाची बरीचशी यंत्रं परदेशातून आणावी लागत. ॲना मणींनी जवळजवळ शंभर यंत्रांचे आराखडे ठरवून घेतले आणि ती यंत्रं देशातच बनू लागली. चुकीचं मोजमाप हे न मोजण्यापेक्षा वाईट, या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. हे वाक्य आमच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा हं!

सकाळचे साडेआठ

पर्जन्यमापक म्हणजे काही अवघड यंत्र नव्हे. वर एक नरसाळं, खाली पाणी साठवायचं भांडं आणि मोजायला खुणा केलेली काचेची नळी. जमिनीपासून थोडं उंच आणि पक्कं बसवलेलं. जवळ झाड किंवा भिंत नको. झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर तरी सोडायचं. नाही तर झाड अर्धा पाऊस स्वतःच पिऊन टाकतं किंवा नंतर टपटप गाळत बसतं.

भारतभर हा पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात. काश्मीर असो, कन्याकुमारी असो, की आपल्या नागपूरचं सोनेगाव, सगळीकडे तीच वेळ. म्हणून आजचा आकडा म्हणजे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. दिवसभरात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तरच हवामान विभाग त्याला ‘पावसाळी दिवस’ म्हणतो. तुमची भुरभुर त्यात बसेलच असं नाही!

आता स्वयंचलित यंत्रंही आली आहेत. त्यांत दोन चिमुकल्या वाट्या असतात, बागेतल्या सी-सॉसारख्या. एक वाटी भरली की कलंडते, दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याची नोंद आपोआप होते आणि आकडा दूर कार्यालयात पोचतो. महाराष्ट्रात ‘महावेध’ नावाच्या प्रकल्पात महसूल मंडळागणिक अशी केंद्रं बसवली. सगळी मिळून दोन हजारांहून जास्त! त्यांतलं पहिलं केंद्र २०१७ मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यात, डोंगरगावला सुरू झालं.

इतकी केंद्रं कशाला, असं वाटतं का? मग हे ऐका. २६ जुलै २००५ ला मुंबईत आभाळ फाटलं. सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आणि त्याच मुंबईत, त्याच दिवशी, कुलाब्याला किती? अवघा ७३ मिलिमीटर! फक्त कुलाब्याचा आकडा पाहून कोणी म्हणालं असतं, “मुंबईत बरा पाऊस झाला”, तर?

म्हणून शेवटच्या बाकावरची ती मुलगी खोटं बोलत नव्हती. एकाच गावात एका टोकाला धो-धो आणि दुसऱ्या टोकाला भुरभुर, असं होतंच.

‘कमी’ म्हणजे कशापेक्षा कमी?

दुष्काळ म्हणजे पाऊस कमी. पण कशापेक्षा कमी? शेजाऱ्यापेक्षा? नाही. त्या जागी नेहमी जेवढा पडतो, त्यापेक्षा कमी.

हवामान विभागाने महाराष्ट्राचे चार भाग पाडले आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत विदर्भात सरासरी सुमारे ९४ सेंटीमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यात सुमारे ६४, मध्य महाराष्ट्रात सुमारे ७५, आणि गोव्यासह कोकणात तब्बल २८७ सेंटीमीटर! समजा एका वर्षी कोकणात १०० सेंटीमीटर पाऊस झाला. मराठवाड्यातला शेतकरी म्हणेल, “वा, चंगळ आहे!” पण कोकणातल्या भातशेतीचे मात्र हाल होतील. म्हणून प्रत्येकाची तुलना ज्याच्या त्याच्या सरासरीशी.

सरासरीपेक्षा एकोणीस टक्क्यांपर्यंत कमी-जास्त झालं, तर पाऊस ‘सामान्य’. वीस ते एकोणसाठ टक्के कमी पडला तर ‘तूट’. साठ टक्के किंवा त्याहूनही जास्त टक्क्यांनी कमी पडला तर ‘मोठी तूट’. एखाद्या भागात पावसाळ्यातली तूट पंचवीस टक्क्यांच्या वर गेली, की हवामानाच्या भाषेत त्याला दुष्काळ म्हणतात. ती पन्नास टक्क्यांच्या वर गेली, तर तीव्र दुष्काळ.

पण मुलांनो, सरासरी कधीकधी फसवते. समजा, आईने तुम्हांला आठवडाभरासाठी चौदा पोळ्या दिल्या. रोज दोन. आता त्या चौदाही पोळ्या रविवारी एकदमच ताटात वाढल्या आणि सोमवार ते शनिवार काहीच नाही. सरासरी रोज दोनच होते, पण तुमचं पोट काय म्हणेल? पिकाचंही तसंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट? तो देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता! एकाच पावसाळ्यात उपासही आणि अजीर्णही.

म्हणून नुसता एकूण आकडा पुरत नाही. दोन पावसांत किती दिवसांचा खंड पडला, विहिरींचं पाणी किती खाली गेलं, धरणात साठा किती, जमिनीत ओल किती, पेरणी किती झाली, हे सगळं पाहावं लागतं. उपग्रहही वरून शेतांची हिरवाई तपासतात. हिरवं दिसायला हवं तिथे पिवळं दिसलं, की समजायचं, खाली काही तरी बिघडलंय.

दुष्काळ कळमन्यात उशिरा पोचतो

“आपण तर शहरात राहतो, आपल्याला काय त्याचं?” असं एका मुलाने विचारलं. मी त्याला म्हटलं, “तुझे बाबा काय करतात?” तो म्हणाला, “हमाली. मार्केटमध्ये.”

मग मी फळ्यावर एक रेघ ओढली. जूनमध्ये पेरणी. जुलैत पावसाचा खंड. रोपं करपली की शेतकरी पुन्हा बियाणं आणतो, त्याला म्हणतात दुबार पेरणी. पैसा दुप्पट, पीक निम्मं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन बाजारात यायचं, ते कमी येतं. पुढे तूर येते, तीही कमी. संत्र्याचंही असंच. मृग बहाराची फुलं जूनच्या पावसावर अवलंबून. झाडाला उन्हाळ्यात ताण द्यायचा आणि मृगाचा पाऊस आला की ते फुलतं. पाऊसच लांबला तर फुलं कुठून येणार? मग फेब्रुवारी-मार्चमध्ये संत्र्यांच्या गाड्या कमी. गाड्या कमी म्हणजे पोती आणि क्रेट कमी. पोती कमी म्हणजे...

“म्हणजे बाबांची मजुरी कमी,” तो मुलगा हळूच म्हणाला.

वर्ग एकदम शांत झाला. काही वेळ मलाही पुढे बोलता आलं नाही. दुष्काळ शेतात जुलैत सुरू होतो. कळमन्यात तो काही महिन्यांनी पोचतो, रिकाम्या पोत्यांच्या रूपाने. पण पोचतो नक्की.

आणि पाण्याचं काय? २०१९ च्या जुलै महिन्यात तोतलाडोह धरण जवळजवळ आटलं होतं आणि नागपूर शहराला दिवसाआड पाणी आलं होतं. तुमच्या आई-बाबांना विचारा, पिंप आणि गुंड भरून ठेवायची कशी धांदल उडाली होती ते. आजी-आजोबांना विचाराल, तर ते १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतील. तेव्हा महाराष्ट्रातले लाखो लोक खडी फोडायला, तलाव खणायला जात होते. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

दूरच्या बेटांची खबर

आता तुम्हांला जरा लांब घेऊन जाते. पॅसिफिक महासागरात मार्शल नावाची बेटं आहेत. इतकी चिंचोळी, की नदी नाही, तलाव नाही. समुद्राचं पाणी चारी बाजूंना, पण पिता येत नाही! मग ते लोक काय करतात? पावसाचं पाणी धरतात. त्यांच्या राजधानीत, माजुरोला, विमानाच्या धावपट्टीवर पडलेला पाऊससुद्धा वाहून जाऊ देत नाहीत. तो मोठ्या टाक्यांत साठवतात. आपली ती कठड्याची गच्ची आठवली ना?

अशा बेटांवर पाऊस मोजणं म्हणजे घरातला पिण्याच्या पाण्याचा हिशेब. पाऊस थांबला की टाकीत किती आठवडे पुरेल एवढं पाणी आहे, ते मोजायचं आणि वाटून प्यायचं. १९९८ मध्ये तिथे असाच कडक दुष्काळ पडला. २०११ मध्ये तुवालू नावाच्या बेटांवर पाणी संपत आलं, तेव्हा आणीबाणी जाहीर झाली आणि बाहेरून पाणी न्यावं लागलं.

या बेटांचा आणि विदर्भाचा काय संबंध? आहे, फार जवळचा आहे! १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती आपल्या हवामान विभागाचे प्रमुख झाले. १८७७ आणि १८९९ मध्ये मोसमी पाऊस फार कमी झाला होता, भीषण दुष्काळ पडले होते. पाऊस कधी दगा देणार हे आधी कळेल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी जगभरच्या नोंदी मागवल्या आणि आकडेमोड करून घेतली. त्यातून एक नवल कळलं. पॅसिफिकच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला, की दुसऱ्या बाजूला तो कमी होतो, जणू प्रचंड सी-सॉ! आज हा खेळ पाहायला ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन, या दोन ठिकाणचे दाब पाहतात.

कधीकधी त्या महासागराचा पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा गरम होतो. त्याला ‘एल निनो’ म्हणतात. उलट थंड झाला तर ‘ला निना’. एल निनो आला, की आपल्याकडे पाऊस कमी होण्याची भीती असते. २००९ मध्ये देशात पाऊस २२ टक्के कमी पडला, २०१५ मध्ये १४ टक्के. दोन्ही वर्षं एल निनोची. पण थांबा, लगेच घाबरू नका. १९९७ मध्ये फार मोठा एल निनो होता, तरी आपला पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. मार्शल बेटांवर मात्र त्याच एल निनोमुळे १९९८ चा तो दुष्काळ पडला. तुवालूचं आणखी वेगळं, तिथे २०११ मध्ये पाणी आटलं ते ला निनात. म्हणजे एल निनो हा इशारा आहे, निकाल नव्हे. म्हणून दर ठिकाणी, दर दिवशी मोजत राहायचं.

आमची चूक

आता आमच्या बाटलीची गोष्ट. आम्ही प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक केला आणि शाळेच्या मोकळ्या जागेत ठेवला. रोज एकाची पाळी. वहीत तारीख आणि आकडा. पहिले दिवस काय उत्साह! १२ मिलिमीटर, ३१ मिलिमीटर, ७ मिलिमीटर. साडेआठच्या आधीच मुलं हजर.

मग पावसाने दडी मारली. शून्य. शून्य. शून्य. सलग आठ दिवस शून्य. नवव्या दिवशी वहीत लिहिलं होतं, ५ मिलिमीटर. मला आश्चर्य वाटलं. आदल्या दिवशी तर कडक ऊन होतं! मी पाळीच्या मुलाला विचारलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, “मॅडम, रोज शून्य लिहून लिहून कंटाळा आला. म्हणून लिहून टाकलं.”

सगळे हसले. पण एक मुलगी नाही हसली. तिचा मामा काटोलकडे कपाशी करतो. ती उभी राहून म्हणाली, “मॅडम, माझ्या मामाच्या गावचं पाणी मोजणाऱ्यानं असं लिहून टाकलं तर? पाऊस आलाच नाही, अन् वहीत आला!”

मुलांनो, किती बरोबर बोलली ती! २०२३ च्या त्या कोरड्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अनेक मंडळांत सलग एकवीस दिवसांहून जास्त खंड पडला होता. पीक विम्याची आगाऊ रक्कम द्यायची की नाही, हे तेव्हा त्या नोंदींवरून ठरत होतं. अशा वेळी मध्येच कोणी खोटा ‘५’ लिहिला असता, तर खंड मोडला असता. कागदावर पाऊस पडला असता आणि शेत मात्र करपलं असतं. त्या शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागायची? शून्य म्हणजे काही नाही, असं आपण म्हणतो. पण दुष्काळाच्या वहीत शून्य हाच सगळ्यांत मोलाचा आकडा असतो.

त्या मुलाने स्वतःच तो ५ खोडला. रबराने नाही हं, एक आडवी रेघ मारून. शेजारी ० लिहिला आणि खाली आपलं नाव. चूक पुसायची नाही, दिसू द्यायची आणि दुरुस्त करायची, हे मीच त्याला सांगितलं. खरं सांगू? चूक माझीही होती. पाऊस पडल्यावर मी वहीचं कौतुक करत होते. शून्याचं कौतुक मी कधी केलंच नव्हतं. मग आम्ही ठरवलं, शून्य लिहिणाऱ्यासाठीही टाळ्या वाजवायच्या. आणखी चार दिवस टाळ्या वाजवल्या. पाचव्या दिवशी बाटलीत १८ मिलिमीटर पाणी होतं! त्या दिवशी वर्ग कसा नाचला असेल, तुम्हीच ठरवा.

तुम्हीही करा

सरळ, उभ्या बाजूंची एक प्लास्टिकची बाटली घ्या. मोठ्या माणसाच्या मदतीने तिचा वरचा भाग कापा. तो उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा. बाटली कलंडू नये म्हणून तळाशी खडे टाका. खडे बुडतील आणि बाटलीचा सरळ भाग सुरू होईल, एवढं पाणी ओता. तिथे रेघ मारा. हे तुमचं शून्य. रेघेपासून वर पट्टी चिकटवा.

बाटली मोकळ्या जागी, झाड-भिंतीपासून लांब, पक्की ठेवा. रोज सकाळी साडेआठला डोळे पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचा आणि लगेच लिहा. मग जास्तीचं पाणी काढून टाका. उन्हाने पाणी रेघेखाली गेलं असेल, तर पुन्हा रेघेपर्यंत भरा.

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक काम. बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलायला लावा, डास होणार नाहीत. आणि सकाळच्या घाईत मूल म्हणालं, “आज पाऊस नाही, काय पाहायचं?” तर त्याला म्हणा, “जा, पाहून ये आणि शून्य लिही.” पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

महिनाअखेरी बेरीज करा. पावसाळी दिवस किती, सगळ्यांत मोठा खंड किती दिवसांचा, ते काढा. गावी मामा, काका, आजोबा असतील, त्यांना फोन करून तिकडचा पाऊस विचारा आणि तुमच्या आकड्याशेजारी लिहा. त्यांनाही बरं वाटेल, की शहरातलं पोर आपल्या पावसाची चौकशी करतंय!

आमची वही अजून चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर मुलांनीच मोठ्या अक्षरांत लिहिलंय, “पडला तर लिहा. नाही पडला तरी लिहा.”

मग, उद्या सकाळी साडेआठला उठताय ना?